पशुवैद्यकाची पहिली इयत्ता : गोठा

(भिवंडी तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. अलीकडच्या काळात त्याच्या जोडीला नाशिक महामार्गालगतची मोठमोठी गोदामे आठवू लागली आहेत. पण या तालुक्याची तिसरीही एक ओळख आहे. ती पहाटेच्या अंधारात जागी होते आणि शहर जागे होण्यापूर्वी आपले काम उरकते. ही ओळख म्हणजे येथील गोठे आणि तबेले. भाताच्या खाचरांचा, पेंढ्याचा आणि वाळल्या गवताचा हा मुलूख मुंबईच्या दुधाशी पिढ्यानपिढ्या जोडलेला आहे. आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो याच तिसऱ्या भिवंडीशी संबंधित आहे.

दरवर्षी आपल्या तालुक्यातील काही मुलेमुली विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण होतात आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून 'नीट' परीक्षेस बसतात. त्यांच्या भौतिकशास्त्राची, रसायनशास्त्राची आणि जीवशास्त्राची कसून परीक्षा होते. तशी ती झालीच पाहिजे. परंतु तू कधी म्हशीचे दावे हातात धरले आहेस काय, आजारी जनावराजवळ कधी रात्र काढली आहेस काय, शेणाचा वास तुला सोसवतो काय, हे प्रश्न त्यांना कोणीच विचारीत नाही. ज्या व्यवसायात उभा जन्म जनावरांच्या सान्निध्यात काढावयाचा, त्या व्यवसायाचा उंबरठा मुले जनावराला हात न लावता ओलांडतात, ही विसंगती आपल्या ध्यानी यावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे. जाणकारांचे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोचविणे हे माझे काम, आणि त्याच नात्याने मी येथे उभा आहे.

शेतकऱ्याचे मूल आणि पुस्तकातली गाय

कोणी म्हणेल, खेड्यातल्या मुलाला गोठा दाखवावयास हवा काय? पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त ठरला असता. तेव्हा शाळेतून आलेले पोर दप्तर फेकून गुरांमागे जात असे. कोणती गाय मारकी, कोणती म्हैस पान्हा चोरते, कोणते वासरू आज रवंथ करीत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. अनेक गावांत शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. गुरचरणे आक्रसली. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. ज्या घरच्या आजोबांच्या दावणीला चार जनावरे होती, त्याच घरचा नातू आज गाईची जठररचना पुस्तकातील आकृतीवरून पाठ करतो. जठराचे चार कप्पे त्याला बिनचूक सांगता येतात. पण गाईच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवून आतली हालचाल त्याने कधी अनुभवलेली नसते. दोष त्या मुलाचा नाही. त्याच्या आणि गोठ्याच्या मधली वाटच आपण बुजू दिली आहे.

इतिहास काय सांगतो?

पशुवैद्यकाचे शास्त्र जन्मास आले तेच मुळी गोठ्यातील आकांतातून. अठराव्या शतकात युरोपात बुळकांडीच्या साथींनी लक्षावधी गुरे मेली. त्या संकटाच्या छायेत क्लोद बूर्जला यांनी १७६१ साली फ्रान्समधील लिआँ येथे जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा स्थापन केली. आपल्याकडे मुंबईत परळ येथे, सर दिनशा पेटिट यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आश्रयाने, १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात असावे, विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकून उठावे आणि थेट आजारी जनावरापाशी जावे, ही त्यामागची दृष्टी होती. १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली, आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली.

बुळकांडीचा शेवट कसा झाला, हे तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगण्यासारखे आहे. आपल्या देशात १९९५ नंतर हा रोग आढळला नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाले आणि २०११ साली अवघे जग या रोगापासून मुक्त झाल्याची घोषणा झाली. मानवाने पृथ्वीवरून कायमचे हद्दपार केलेले रोग दोनच, माणसाची देवी आणि गुरांची बुळकांडी. या विजयात प्रयोगशाळेचा वाटा मोठा होताच. पण लस घेऊन दावणीपर्यंत गेलेली माणसे आणि 'आमच्या गावात अमुक जनावराच्या तोंडात फोड आले आहेत' असा निरोप वेळेवर धाडणारी माणसे नसती, तर ती लस कुपीतच राहिली असती. निरीक्षण हे पशुवैद्यकाचे पहिले हत्यार होय, कारण त्याच्या रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही.

मुंबईचे दूध आणि आपला तालुका

आता आपल्या परिसराकडे वळू. मुंबई शहरातील दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते. तेथील घाण, रोगराई आणि दुधातील भेसळ यांवर उपाय म्हणून १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. दारा खुरोडी यांचे नाव या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे डहाणू तालुक्यात दापचरी येथे दुग्धप्रकल्प आला. १९७६ साली नागरी भागात गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्याने केला. शहर जसजसे पसरत गेले, तसतसा तबेला बाहेर ढकलला गेला. ठाणे, कल्याण आणि भिवंडीच्या परिसरात आज जे तबेले दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास उभा आहे.

या तबेल्यांची रीत आणि गावातील शेतकऱ्याच्या गोठ्याची रीत यांत फरक आहे. गावातला शेतकरी जनावर घरी वाढवितो. तबेल्यात बहुतेक वेळा मुऱ्हा, जाफराबादी किंवा मेहसाणा जातीची नुकतीच व्यालेली म्हैस परप्रांतातून विकत आणली जाते, ती आटेपर्यंत दूध घेतले जाते आणि भाकड झाली की ती दावणीवरून जाते. या रीतीत पारडाचे हाल होतात, हे उघड सत्य आहे. दुधाचा प्रत्येक थेंब विकला जात असताना पारडाच्या वाट्याला काय येणार? चांगल्या वंशाच्या वगारी लहानपणीच दगावल्या, तर उद्याच्या दुभत्या म्हशी कोठून येणार? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, पशुपैदाशीचा आहे आणि भूतदयेचाही आहे. पशुवैद्यक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या प्रश्नाला तोंड द्यावयाचे, तर दोन्ही प्रकारचे गोठे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजेत.

शेवटी नव्हे, आरंभी

आपल्या राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे आंतरवासितेचे असते. ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु आपले मन या कामात रमत नाही, हे एखाद्याला अखेरच्या वर्षात उमगले, तर त्याचा काय उपयोग? तोवर त्याची उमेदीची वर्षे, पालकांचा पैसा आणि शासनाने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च गुंतून पडलेला असतो. शिवाय जी जागा एखाद्या खऱ्या ओढीच्या मुलाला मिळाली असती, तीही गेलेली असते.

अमेरिकेत पशुवैद्यक होऊ पाहणारा विद्यार्थी महाविद्यालयात शिरण्यापूर्वीच उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर किंवा दुग्धशाळेत उमेदवारी करतो, आणि प्रवेशाच्या वेळी या अनुभवाची नोंद पाहिली जाते. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने सुट्टीतील काही आठवडे शेतावर काम करावे, असा दंडक रूढ आहे. आपल्याकडे हजारो एकरांची कुरणे नाहीत. त्यांची उणीव वाटण्याचे कारणही नाही. दोन म्हशी, एक गाय आणि एक कालवड असलेला आपल्या शेजारचा गोठा जे शिकवील, तेच आपल्या भावी पशुवैद्याच्या अधिक उपयोगी पडणारे आहे, कारण उद्या त्याला याच गोठ्यात जावयाचे आहे.

काळही अनुकूल आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, 'नीट' सर्वसाधारणपणे मे महिन्याच्या आरंभी. त्यानंतर प्रवेश निश्चित होईपर्यंत विद्यार्थी मोकळा असतो. यांतले सहा आठवडे त्याने गोठ्याला द्यावेत, अशी माझी सूचना आहे.

सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम

समजा, आपल्या गावातील एक विद्यार्थिनी मे महिन्याच्या मध्यावर शेजारच्या गोठ्यात दाखल झाली. तिने काय शिकावे?

पहिल्या आठवड्यात तिने हातात खराटा घ्यावा. यात कमीपणा नाही. शेण काढता काढता ते पाहावे. पातळ आहे की घट्ट, त्यात आव किंवा रक्त आहे काय, न पचलेले दाणे पडले आहेत काय, हे पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. जनावरांची आणि तिची ओळख याच आठवड्यात व्हावी. म्हैस नव्या माणसाला वासाने आणि आवाजाने पारखते. तिच्याजवळ मागून न जाता, हलकेच बोलत, ती पाहू शकेल अशा बाजूने जावे, हा पहिला धडा.

दुसरा आठवडा वैरणीचा. आपल्या भागात भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात पोषण कमी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, पेंढा दाबून रचावा आणि हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवावा, म्हणजे तो अधिक पचनीय होतो व त्याची प्रथिनक्षमता वाढते, ही गोष्ट कृषी व पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण करून पाहणारे थोडे. विद्यार्थिनीने गोठ्याच्या मालकासमवेत आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली ही प्रक्रिया करावी. युरिया कधीही थेट खाऊ घालावयाचा नाही आणि सहा महिन्यांखालील वासरांना असा पेंढा द्यावयाचा नाही, हेही तिने मालकाला समजावून द्यावे. एकवीस दिवसांनी झाकण उघडताना जे कुतूहल तिच्या मनात असेल, तेच विज्ञानाचे बीज होय.

तिसऱ्या आठवड्यात धार. कास धुऊन पुसणे, पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या भांड्यात काढून त्यांत गुठळ्या आहेत काय हे पाहणे, अंगठा दुमडून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढणे, या साध्या गोष्टींनी कासदाह टळतो किंवा निदान लवकर ध्यानी येतो. ज्याला आपले गवळी 'दगडी' म्हणतात, तो हा रोग दुभत्या जनावराचा सड कायमचा निकामी करू शकतो. एक सड गेला म्हणजे गवळ्याच्या रोजच्या मिळकतीचा एक हिस्सा गेला.

चौथ्या आठवड्यात गाभण आणि नवजात जनावर. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस वागविते, असे जुनी माणसे सांगतात, आणि शास्त्राचा हिशेबही त्याच्या जवळपासच आहे. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पारडाच्या पोटात चीक गेला पाहिजे. पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या साधारण एकदशांश चीक त्याला मिळावा. आईकडून येणारी रोगप्रतिकारशक्ती त्याला गर्भात मिळत नाही, ती या चिकातूनच मिळते. नाळेला आयोडीन लावणे, अंग कोरडे करणे, ही दहा मिनिटांची कामे. पारडू वाचते की जाते, हे पुष्कळदा या दहा मिनिटांवर ठरते.

पाचवा आठवडा आरोग्याचा. तोवर जून उजाडलेला असतो. पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि घटसर्प व फऱ्या यांच्या लसीकरणाची धावपळ चालू असते. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थिनीने पशुवैद्यकीय दवाखान्यात घालवावा. लस बर्फात का ठेवावयाची, लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी का द्यावयाची, सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच का टोचतात, कानातील बारा अंकी बिल्ल्याचा उपयोग काय, हे तिने विचारावे. निरोगी गाईचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, हे पुस्तकातही आहे. पण रोज सकाळी तापमापक लावून सात दिवसांचे आकडे वहीत मांडले म्हणजे ते पाठ करावे लागत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. तो रात्री किंवा पहाटेच ओळखू येतो आणि हुकला की एकवीस दिवस वाया जातात, हे तिला तबेल्यातील रखवालदार गड्याइतके चांगले कोणीही शिकवू शकणार नाही.

सहावा आठवडा हिशेबाचा. पेंड, वैरण, औषध, मजुरी एका बाजूस आणि दूध, शेणखत दुसऱ्या बाजूस. जनावर भाकड असण्याचे दिवस किती महाग पडतात, हे या वहीतून दिसते. पशुवैद्याने दिलेला सल्ला गवळ्याला परवडणारा आहे काय, हे ठरविण्याची दृष्टी येथे तयार होते. गोठ्याच्या मालकाला देण्यासारखे विद्यार्थिनीजवळ एकच धन आहे, ते म्हणजे तिचे अक्षर. अनेक गोठ्यांत कोणत्या म्हशीला कधी भरविले, कधी लस दिली, याची नोंदच नसते. सहा आठवड्यांनी ती नोंदवही मालकाच्या हाती ठेवून तिने निरोप घ्यावा. शिकणाऱ्याला राबविले, असे मग कोणी म्हणणार नाही. देवाणघेवाण झाली, असेच म्हणेल.

मर्यादा आणि खबरदारी

येथे काही गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, विद्यार्थ्याने उपचार करावयाचा नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे. मुलाने पाहावे, धरावे, लिहावे. सुई मात्र हाती घेऊ नये. दुसरी, धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकू नये. गाभडलेल्या जनावराचा गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नये, कारण ब्रुसेलाचा संसर्ग माणसालाही होतो. ज्या जनावराची वागणूक अचानक बदलली आहे, तोंडातून लाळ गळते आहे, गिळता येत नाही, त्याच्या तोंडात हात घालू नये, कारण तो पिसाळ रोग असू शकतो. आपल्या कोकणपट्टीत पहिल्या पावसानंतर लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. तेव्हा पायांत गमबूट हवेत आणि पायावरील जखम झाकलेली हवी. कच्चे दूध पिऊ नये. तिसरी, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि कामाचे तास मर्यादित ठेवावेत.

मुलींच्या बाबतीत पालक कचरतात, आणि पहाटेच्या वेळी परक्या तबेल्यात मुलीला धाडण्यास त्यांचे मन घेत नाही, हे स्वाभाविक आहे. पण याच पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आज मुलींची संख्या लक्षणीय आहे, आणि गावातील गोठा प्रायः बायकाच सांभाळतात. तेव्हा मुलींनी दोघी-दोघींनी जावे, आणि गावातीलच एखाद्या जाणत्या बाईच्या गोठ्यात उमेदवारी करावी. अशा बाईला गुरू म्हणण्यात संकोच कशाला? तिच्या तळहातात जे ज्ञान आहे, ते तिने कधी लिहून ठेवले नाही, एवढाच तिच्यात आणि प्राध्यापकात फरक.

एक कठीण प्रसंग

सर्व गोठ्यांत सर्व काही आदर्शच दिसेल, असे नाही. पान्हा सोडावा म्हणून जनावराला इंजेक्शन टोचण्याची कुप्रथा काही ठिकाणी आढळते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने दूध वाढविण्यासाठी केले जाणारे असे अपायकारक प्रकार गुन्हा ठरविले आहेत. हे दृश्य समोर आले, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने काय करावे? त्याने मालकाशी हुज्जत घालावी, असे मी म्हणणार नाही. डोळेझाक करावी, असेही म्हणणार नाही. त्याने आपल्या शिक्षकाला सांगावे, शिक्षकाने पशुधन विकास अधिकाऱ्यांस कळवावे, आणि अधिकाऱ्यांनी मुलाचे नाव उघड न करता पुढील कार्यवाही करावी. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने बोलणे हेच पशुवैद्यकाचे व्रत असेल, तर त्या व्रताची पहिली कसोटी पदवीच्या आधीच लागते.

माहितीचे महत्त्व आपण २०२२ साली लम्पी चर्मरोगाच्या साथीत अनुभवले आहे. राज्यभर गाईबैलांना मोठ्या प्रमाणावर मोफत लसीकरण करण्यात आले. पण रोगाइतकीच वेगाने अफवा पसरली. दूध पिऊ नये म्हणून काहींनी ते बंद केले. हा रोग जनावरांपासून माणसाला होत नाही, तो माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत गुरांत पसरतो, हे आम्हांला पुनःपुन्हा सांगावे लागले. ज्या गावात जनावरांशी परिचय असलेला एखादा शिकलेला मुलगा होता, तेथे हे सांगणे सोपे होते. शासनाच्या पत्रकावर लोक विश्वास ठेवतातच, पण शेजाऱ्याच्या शब्दावर अधिक ठेवतात.

कोणी काय करावे?

यासाठी नवा विभाग नको, नवे अनुदान नको. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील सहा-सात चांगल्या गोठ्यांची यादी करावी आणि मालकांची संमती घेऊन ग्रामसभेत ती वाचावी. शिक्षकांनी बारावीच्या वर्गात हा विषय डिसेंबर-जानेवारीतच काढावा, म्हणजे सुट्टी लागण्यापूर्वी मुलांचे व पालकांचे मन तयार होईल. पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांनी आठवड्यातील एक सकाळ अशा मुलांसाठी राखावी आणि १९६२ या क्रमांकावर मिळणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचे काम त्यांना दाखवावे. गोठ्याच्या मालकांनी मुलांकडे फुकटचा गडी म्हणून न पाहता उद्याचा डॉक्टर म्हणून पाहावे. आज त्याला चहा पाजाल, तर उद्या अपरात्री म्हैस अडली असता तोच धावून येईल.

'शिकून सवरून शेण काढावयाचे काय?' असे काही पालक विचारतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, जो शेणाकडे पाहून नाक मुरडतो, त्याला त्या शेणात दडलेला रोग कसा दिसणार? आणि सहा आठवड्यांनंतर एखादे मूल घरी येऊन म्हणाले, 'हे काम माझ्याने होणार नाही,' तर त्याला रागावू नका. तेही मोठे शिक्षण झाले. वेळीच कळले, दुसरी वाट मोकळी राहिली.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. या मुक्या पशुधनावर कोट्यवधी कुटुंबांची चूल पेटते. त्यांच्यासाठी केवळ गुणवान पदवीधर पुरणार नाहीत. जनावराच्या अंगावर हात ठेवताच ज्यांना त्याची वेदना कळते, असे वैद्य हवेत. असे वैद्य घडविण्याचे काम महाविद्यालय करीलच. त्यांची निवड मात्र गोठ्यात व्हावी, आणि त्या गोठ्याचे दार उघडण्याचे काम आपल्या हाती आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या प्रत्येक गावातून निदान एक तरी मूल या पहिल्या इयत्तेत बसावे, अशी आपणा सर्वांस विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!